कोल्हापूरचं टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय: पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या घरी पाहुणा आला की पहिल्या दिवशी अंबाबाई, दुसऱ्या दिवशी पन्हाळा किंवा जोतिबा, आणि मधल्या वेळात तांबडा-पांढरा, असा ठरलेला बेत असतो. त्यात मी हट्टानं टाऊन हॉल घुसडतो. मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की एकदा लिहूनच काढावं म्हटलं.

टाऊन हॉलचं संग्रहालय म्हणजे न्यू पॅलेसच ना?

नाही. हा गोंधळ रिक्षावाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांचा होतो. न्यू पॅलेस म्हणजे कसबा बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा राजवाडा. तिथं छत्रपती घराण्याच्या वस्तूंचं संग्रहालय आहे आणि राजघराणं आजही त्या वास्तूत राहतं. टाऊन हॉल म्हणजे भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या बागेतली ती टोकदार मनोऱ्यांची इमारत. इथलं संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं आहे. रिक्षात बसताना नुसतं ‘म्युझियम’ म्हणू नका, ‘सीपीआरसमोर टाऊन हॉल’ म्हणा. नाहीतर मीटर पळतं आणि तुम्ही भलतीकडेच उतरता.

जायचं कसं?

अंबाबाईचं दर्शन झालं की चालत या, रिक्षा कशाला? भवानी मंडपातून बाहेर पडून शिवाजी चौक, महापालिका आणि पुढं सीपीआर. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. शिवाजी चौकात क्षणभर थांबा. तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा बाबूराव पेंटर यांनी घडवलेला आहे, आणि हे नाव पुढं संग्रहालयात परत भेटणार आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून यायचं असेल तर केएमटीची सिटी बस किंवा रिक्षा बरी. गाडी घेऊन येणार असाल तर सीपीआर चौकातली गर्दी डोक्यात ठेवून या, हॉस्पिटलसमोरचा रस्ता आहे तो.

सुटी कधी असते?

सोमवारी. हे मी स्वतः धडा शिकून सांगतोय. नाशिकच्या मावसभावाला मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो, ‘तुला रोमचा देव दाखवतो’ म्हणून, आणि कुलूप बघून आलो. त्या दिवशी त्याला बागेतले दगड दाखवले आणि भेळ खायला घातली. एरवी सकाळी साडेदहानंतर यावं, संध्याकाळी फार रेंगाळू नये. साडेचारला आत शिरून सगळं बघू म्हणाल तर घाई होते. तिकीट मामुली आहे, सुटे पैसे जवळ ठेवा.

किती वेळ लागतो?

धावत बघणाऱ्याला वीस मिनिटं पुरतात. माझ्या हिशेबानं दीड तास काढावा, बागेसकट दोन. इमारत मोठी नाही, त्यामुळं पाय दुखत नाहीत. दोन दर्शनांच्या मधला वेळ मारायला म्हणून मात्र येऊ नका. ‘अकराला गेलो, साडेअकराला उरकलं’ अशा घाईत इथलं काहीच हाती लागत नाही.

इमारत एवढी विलायती का दिसते?

कारण ती विलायती डोक्यातून आलीय. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली आणि आराखडा होता मेजर चार्ल्स मॅंट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. शैली निओ-गॉथिक. टोकदार कमानी, उंच उतरतं छप्पर, दर्शनी बाजूला दोन निमुळते मनोरे. मुंबईचं व्हीटी स्टेशन बघितलेल्याला ओळखीचं वाटेल, फक्त हे पुष्कळ लहान आणि व्हीटीच्या आधीचं.

मॅंटचा हात कोल्हापुरात ठिकठिकाणी दिसतो. समोरच्या सीपीआरची जुनी इमारत त्याचीच. न्यू पॅलेसही त्याचाच, १८७७ ते १८८४ मधला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत हेही त्याचेच आराखडे. पण स्वतः मॅंट १८८१ मध्येच गेला, म्हणजे न्यू पॅलेस पुरा झालेला त्यानं पाहिलाच नाही. टाऊन हॉल मात्र त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. माझा आपला एक अंदाज आहे की ही इमारत म्हणजे त्याचा सराव होता. इथं तो पुरता गॉथिक आहे. न्यू पॅलेसमध्ये त्यानं घुमट, छत्र्या, कमानी असा देशी-विलायती मेळ घातला. दोन्ही इमारती एकाच दिवशी बघा, फरक चटकन कळतो.

आणि एक. उतरतं छप्पर हे नुसतं शोभेचं नाही. आषाढात कोल्हापुरात पाऊस कसा लागतो हे ज्यानं बघितलंय त्याला ते छप्पर शहाणपणाचं वाटेल.

मुळात हे सभागृह होतं ना? मग संग्रहालय कसं झालं?

नावच सांगतंय, नगराचं सभागृह. संग्रहालयाची गोष्ट सुरू होते ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी तिथं आधी खोदकाम केलं. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केलं. जमिनीखालून सातवाहन काळातलं अख्खं नांदतं गाव निघालं: विटांची घरं, मडकी, मणी, नाणी, काशाच्या वस्तू. एवढा ऐवज ठेवायचा कुठं? त्यातून कोल्हापूरचं संग्रहालय उभं राहिलं आणि पुढं काही वर्षांतच ते टाऊन हॉलमध्ये आलं. म्हणजे ही इमारत संग्रहालयासाठी बांधलेली नाही, हे आत फिरताना लक्षात ठेवा. मधला उंच दिवाणखाना सभेसाठी होता. तिथं उभं राहून जरा वर बघा, वस्तू नंतर बघता येतील.

एकच वस्तू बघायची तर कोणती?

पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. काशाची मूर्ती, वीतभरसुद्धा उंच नाही. उघडं पिळदार अंग, एक हात वर उचललेला, त्या हातात कधीकाळी त्रिशूळ असणार. आता तो नाही.

लोक फसतात ते तिच्या आकारानं. ‘रोमन मूर्ती’ म्हटल्यावर पुरुषभर उंचीचा पुतळा डोळ्यांसमोर येतो, आणि मग समोरून तीनदा जाऊनही ती दिसत नाही. कपाटाशी वाकून बघा. पोटाचे स्नायू, खांद्याचा डौल, एका पायावर टाकलेला भार. पैलवानांच्या गावात राहणाऱ्याला हे शरीर लगेच कळतं. आमच्या तालमीतले एक वस्ताद ती मूर्ती बघून एवढंच म्हणाले, ‘मेहनत हाय गड्याची.’ मला त्याहून चांगलं कलासमीक्षण अजून ऐकायला मिळालेलं नाही.

पण ग्रीक देव कोल्हापुरात आला कुठून?

व्यापारातून. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्याची गलबतं मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन पश्चिम किनाऱ्याला लागत. सोपारा, कल्याण, चौल ही तेव्हाची गजबजलेली बंदरं. तिथून घाट चढून माल देशावर येई आणि इकडचं कापड, मसाले, मौल्यवान खडे खाली जात. कोल्हापूर अशा वाटेवरचं श्रीमंत ठाणं होतं. ब्रह्मपुरीला या मूर्तीच्या जोडीनं काशाची इतर भांडीकुंडी आणि चीजवस्तूही निघाल्या. माणसं बसलेला एक छोटा काशाचा हत्तीही त्याच काळातला आहे, तोही चुकवू नका.

घरमालकानं ती मूर्ती देव म्हणून आणली, शोभेची वस्तू म्हणून घेतली, की कुणा व्यापाऱ्यानं भेट दिली, याचा तर्क ज्यानं त्यानं करावा. मला वाटतं शोभेचीच. आपण नाही का दुबईहून आलेल्याकडनं काहीबाही घेऊन शोकेसमध्ये ठेवत?

नाण्यांचं कपाट कंटाळवाणं वाटतं. काय बघायचं त्यात?

धनुष्यबाण बघा. कोल्हापूर भागात सापडलेल्या त्या काळच्या शिशाच्या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाण असतो आणि भोवती ब्राह्मी लिपीत राजाचं नाव: विळिवायकुर, माढरीपुत, गोतमीपुत. यातली ‘पुत’वाली नावं आईच्या गोत्रावरून घेतलेली आहेत. ‘वासिठीपुत विळिवायकुर’ म्हणजे वासिष्ठी मातेचा पुत्र. सातवाहनांच्या काळात इथं राज्य करणारी ही स्थानिक राजांची फळी. इतिहासकार त्यांना ‘कुर’ म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचा राजा आपल्या नाण्यावर आईचं नाव घालत होता. हे ऐकलं की माझी बायको हटकून मला म्हणते, ‘बघा, शिका काही.’

बागेत आणि बाहेर मांडलेले दगड कशाचे?

बरेचजण त्यांच्याजवळ सेल्फी काढून पुढं जातात, आणि मला वाईट वाटतं. त्यात वीरगळ आहेत. लढताना पडलेल्या वीराची ही स्मृतिशिला. ती खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरं पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत वीराला अप्सरा वर नेताना, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि टोकाला चंद्रसूर्य, म्हणजे ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ त्याची कीर्ती राहो. सतीशिळेवर कोपरापासून वर उचललेला बांगड्या ल्यालेला हात असतो. एकदा ही लिपी कळली की गावोगावच्या देवळांबाहेरचे दगड तुमच्याशी बोलायला लागतात.

शिल्पं मुख्यतः मध्ययुगातली, शिलाहारांच्या काळाची. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवीत, महालक्ष्मीच्या वरानं राज्य मिळालेले. त्यांच्यातल्या गंडरादित्यानं शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची मंदिरं बांधली. कोल्हापुरात जैन आणि शैव शिल्पं शेजारी शेजारी सापडतात त्याचं आश्चर्य मग वाटत नाही. तोफाही आहेत. पोरं त्यांच्यावर चढतात, चढू देऊ नका.

चित्रांच्या दालनात कुणाची चित्रं आहेत?

कोल्हापूरच्या चित्रकारांची, आणि माझ्या मते इथं येण्याचं अर्धं कारण तेच आहे. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात ते उगाच नाही. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, माधवराव बागल ही परंपरा. दळवींच्या नावाची कलाशाळा आजही आहे. बागल चित्रकार होतेच, शिवाय सत्यशोधक विचारांचे आणि प्रजापरिषदेचे लढवय्ये.

बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४). चित्रकलेचं शाळेत शिक्षण नाही. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. मग सिनेमाचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूराव थांबले नाहीत. देशी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. म्हणून बाबूरावांचं तैलचित्र बघताना चेहऱ्यावरचा उजेड कुठून येतोय ते बघा. पुढं पडद्यावर आला तो हाच उजेड.

आबालाल कोण? नाव ऐकलंय, पण माहिती नाही.

तुमचा दोष नाही, कोल्हापूरबाहेर ते नाव फार पोचलंच नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, तिथं नाव काढलेला हा माणूस मुंबईत न थांबता गावी परतला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण दरबारात बसण्यापेक्षा ते कोटीतीर्थाच्या काठी, रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर जास्त रमले. त्याच जागा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या, सकाळच्या, संध्याकाळच्या, पावसानंतरच्या. जलरंगांत आणि अपारदर्शक रंगांत, छोट्या आकारात. १९३१ मध्ये ते गेले.

त्यांच्या चित्रापुढं तीन पावलं मागं आणि मग एक पाऊल पुढं, असं बघा. लांबून पाणी दिसतं, जवळ गेल्यावर नुसते ठिपके आणि फटकारे. ‘फ्रान्समध्ये जन्मला असता तर’ असं इथं कुणीतरी म्हणतंच. मला ते वाक्य आवडत नाही. फ्रान्समध्ये कोटीतीर्थ नाही.

त्यांनी स्वतःची चित्रं तळ्यात बुडवली, हे खरं का?

असं सांगतात. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर या फकिरी वृत्तीच्या चित्रकाराला विरक्ती आली आणि त्यानं ढिगानं चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, ही कथा कोल्हापुरात प्रत्येक चित्रकाराच्या तोंडी आहे. कथा म्हणून ऐका. कोटीतीर्थ आजही शाहू मिलच्या शेजारी आहे, काठावर उभं राहून ती ऐकली तर अंगावर येते.

आत फोटो काढता येतात का?

दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा, तो सांगेल तसं वागा. फ्लॅश मात्र परवानगी असली तरी मारू नका. जलरंग उजेडानं विटतात आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून जगभर कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सच्या आतला मंद उजेड ठेवतात. दालनात अंधार वाटला तर कुरकुर करू नका, मिनिटभर थांबा, डोळे सरावतात. न्यू पॅलेसमध्ये आत फोटोला बंदीच आहे.

लहान मुलं कंटाळतील का?

तलवारी-बंदुकांपाशी नाही कंटाळणार. मी एक खेळ लावतो: प्रत्येकानं एक प्राणी शोधायचा आणि तो कुठल्या वस्तूवर होता ते बाहेर आल्यावर सांगायचं. हत्ती सगळ्यांनाच सापडतो, म्हणून हत्तीला गुण नाहीत. दहा वर्षांवरच्या पोराला वही-पेन्सिल द्या. वीरगळ काढायला बसलेलं पोर तासभर हलत नाही.

आजी-आजोबांना जमेल?

पायऱ्या आहेत, पण देवळात जितकं चालणं होतं त्यापेक्षा कमीच. ज्यांना नको वाटेल त्यांनी बागेत सावलीला बसावं. दुपारच्या उन्हात तिथं बसणं ही काही शिक्षा नाही.

कलेच्या विद्यार्थ्यांना आत स्केच करता येतं?

पेन्सिल-कागद घेऊन कोपऱ्यात उभं राहणाऱ्याला कोण काय म्हणणार? पण गट घेऊन येणार असाल किंवा रंग, ईझल आणणार असाल तर आधी कार्यालयात अर्ज देऊन परवानगी घ्या. इमारतीचं चित्र बागेतून काढायचं तर सकाळचा उजेड बघून बसा. कोल्हापुरातल्या चित्रकलेच्या पोरांच्या हातून ही इमारत इतक्यांदा गेलीय की मनोऱ्यांचा कोन चुकला तर येणारा-जाणारा सांगतो.

आणखी चित्रं बघायची असतील तर?

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. मराठी सिनेमातले राजबिंडे चंद्रकांत मुळात चित्रकार, बाबूराव पेंटर यांच्या तालमीत वाढलेले. आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. त्यांची निसर्गचित्रं आहेतच, पण पावडर शेडिंगमधली चित्रं खास बघावीत. रंगाची कोरडी पूड कागदावर घासून छटा काढायची ही रीत आता फार कमी लोक हाताळतात. घर असल्यामुळं तिथं संग्रहालयात आल्यासारखं वाटतच नाही, कुणाकडं तरी चहाला आल्यासारखं वाटतं.

एका दिवसात सगळं कसं बसवायचं?

सकाळी लवकर अंबाबाई. साडेदहाला टाऊन हॉल. साडेबारा-एकला जेवण, आणि तांबड्या-पांढऱ्यानंतर कुठलंही संग्रहालय बघायचा हट्ट धरू नका, झोप लागते. चारच्या सुमारास मांडरे संग्रहालय किंवा न्यू पॅलेस, दोन्ही नकोत. मग रिक्षानं पंचगंगेच्या घाटावर. जवळच ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. आज तिथं बघण्यासारखं खोदकाम काही उघडं नाही, पण सकाळी कपाटात बघितलेला तो वीतभर समुद्रदेव ह्याच मातीतून निघाला. उन्हं कलायच्या आत रंकाळ्यावर या. पाणी खाली गेलेलं असेल तर संध्यामठ उघडा दिसतो.

भेळ कुठली खायची?

खासबाग मैदानाजवळची. तिखट सांगू नका, ती आधीच असते.